अमेरिकन नातीचा उत्पन्नाचा दाखला

हातातला चहा आधी संपवून घ्या बरं. मागच्या खेपेला हा किस्सा सांगत होतो, तर ऐन रंगात एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचं पाप माझ्या माथी बसलं. म्हणून आधीच बजावतो. या किश्शात मी गाढव ठरतो. पण साधंसुधं गाढव नाही हं! अमेरिकेच्या सरकारशी भिडून, जिंकून, वाजतगाजत घरी आलेलं गाढव!

आता मी कोण ते सांगतो. मी मेडशीचा. वाशीमच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढली. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं आणि मधल्या वेळात पोरांचे अर्ज तपासायचे. प्राचार्य आले नि गेले, टेबल मात्र माझंच राहिलं. पोरगं दारात उभं राहिलं की तोंडावरून ओळखायचो, याच्याकडे जातीचा दाखला नाही, याच्या फोटोवर सही नाही, आणि याचा तर अर्जच नाही, हा नुसता पंख्याखाली बसायला आलाय.

बत्तीस वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकलो. सरकार कोणतंही असो, त्याचे प्रश्न तीनच. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का? पोरगं तिथं खरंच शिकतं का? आणि उत्पन्न किती कमी आहे? ‘किती आहे’ असं कोणी विचारत नसतं हो. ‘किती कमी आहे’ असंच विचारतात! या तिसऱ्या प्रश्नावर माझा इतका विश्वास होता की कॉलेजात नवीन लागलेल्या कारकुनांना मी तो गुरुमंत्रासारखा द्यायचो.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझी नात रेवा आली. सख्खी नात नाही, माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची नात. म्हणजे माझ्या भाचीची, सुनीताची पोरगी. जन्म अमेरिकेतला, पासपोर्ट अमेरिकेचा, शिकायला स्कॉटलंडमध्ये, आणि भाषा? भाषा अक्काची! पोरीच्या लहानपणी अक्का दहा वर्षं तिकडं जाऊन राहिली होती. तिनं हिला अस्सल वऱ्हाडीत वाढवली. मेडशीच्या थांब्यावर एसटीतून उतरली तेव्हा अंगात जीन्स, पाठीवर तिच्याएवढीच बॅग, आणि पहिलं वाक्य काय?

“आबा, लय भूक लागून राह्यली. सुमनआजीनं भाकर टाकली का?”

कंडक्टर घंटी मारायची विसरला.

रेवा सोयाबीनवर प्रबंध लिहीत होती. पेरणीपासून सोंगणीपर्यंत, म्हणजे कापणीपर्यंत, एकच शेत डोळ्यांनी पाहायचं आणि सगळं लिहून काढायचं. शेत ठरलं आमच्या शेजारच्या गजाननाचं. गजानन माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. सकाळी त्याच्या कानात घाला, दुपारपर्यंत ती आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात पोचलेली असते, आणि तीही अंगानं दुप्पट होऊन.

आठच दिवस झाले असतील. एका दुपारी रेवा घरापुढच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि तोंड असं, जसं काही नापास झाल्याचा निकाल पाहतेय.

“काय झालं वं पोरी?”

“आबा, माह्याजवळचे पैसे सप्टेंबर लागेस्तोवरच पुरतात. सोंगणी तं दसऱ्याले. सोंगणीच पाह्यली नाही तं प्रबंध कायचा?”

“मी देतो ना.”

“नाही.”

“बरं, तुह्या मायले सांगतो.”

“आबा! मायलेही नाही अन् बापालेही नाही. पंचवीस वर्षांची झाली मी. सोताच्या पैशानं शिकीन.”

अक्काचा हट्ट तंतोतंत उतरला होता. यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

“एक रस्ता होता,” ती म्हणाली, “पन तोही बंद झाला.”

मग तिनं सांगितलं ते असं. अमेरिकेत म्हणे कॉलेजची फी भरली की आयकरात सवलत मिळते. फीचा काही हिस्सा सरळ तुमच्या करातून वजा. शिकणारा अमेरिकन असला तर परदेशातलं विद्यापीठही चालतं. हिनं आदल्या वर्षी स्कॉटलंडमध्ये प्रवेश घेतला होता, फी भरली होती. आता त्या वर्षाचं विवरणपत्र भरायचं होतं. बाहेरदेशी असणाऱ्यांना जूनच्या मध्यापर्यंत मुदत असते, म्हणजे हातात जेमतेम दहा दिवस होते. पण अमेरिकेतली कॉलेजं पोरांना फी भरल्याचा एक ठरावीक फॉर्म पाठवतात, आणि स्कॉटलंडवाल्यांनी तो पाठवलाच नव्हता. मैत्रिणीनं सांगितलं, फॉर्म नाही तर सवलत विसर.

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला! विद्यार्थिनी! हक्काची सवलत! आणि एका कागदापायी अडलेली! पोळ्याचा वाजा ऐकून म्हातारा बैल उठून उभा राहावा, तसा मी ओट्यावरून उठलो.

“पोरी, मले आधी हे सांग. तुहं विद्यापीठ मान्यताप्राप्त हाये का?”

ती हसली. “लय जुनं हाये आबा. जगात नाव हाये त्याचं.”

“नाव असू दे. अमेरिकेच्या सरकारनं मान्य केलं का?”

तिनं हसत हसतच शोधायला सुरुवात केली आणि हळूहळू तिचं हसू थांबलं. कारण, ऐका, खरा प्रश्न तोच निघाला! ज्या परदेशी विद्यापीठांत अमेरिकन पोरांना त्यांच्या सरकारचं शैक्षणिक कर्ज चालतं, त्यांची तिथल्या सरकारकडे यादी असते. सवलत मिळते ती त्या यादीतल्या विद्यापीठांच्या फीवर. यादीत स्कॉटलंडचं विद्यापीठ होतं! पुढं वाचलं तर आणखी निघालं. तो फॉर्म पाठवायची परदेशी विद्यापीठावर सक्तीच नसते. प्रवेश घेतल्याचा आणि फी भरल्याचा पक्का पुरावा जवळ असला की सवलत मागता येते.

“आबा! तुमाले कसं मालूम होतं?”

मी फक्त मिशीवरून हात फिरवला. आतून मात्र असा फुगलो होतो की सदऱ्याची बटणं जपावी लागली.

आता दुसरी गोष्ट. पोरगी तिथं खरंच शिकते का? म्हणजे बोनाफाईड! रेवा म्हणाली, विद्यापीठाच्या वेबसाईटवरून एक कागद छापून घेता येतो. मी विचारलं, त्यावर सही आहे? नाही. गोल शिक्का आहे? नाही. मग तो कागद आहे की वाणसामानाची पुडी?

“तू लिही,” मी म्हणालो, “मी सांगतो.”

आणि मेडशीच्या ओट्यावरून स्कॉटलंडला अर्ज गेला. वर विषय. खाली संदर्भ. त्याखाली ‘महोदया, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की’. शेवटी सोबत जोडलेल्या कागदांची यादी आणि ‘आपली आज्ञाधारक’. रेवा इंग्रजीत टाइप करता करता थांबली.

“आबा, आज्ञाधारक काहून? आमी तं आमच्या प्राध्यापकाले नावानं हाक मारतो.”

“म्हनूनच तं तुमाले कागद भेटत नाही!”

दोन दिवस उत्तर नाही. स्मरणपत्र क्रमांक एक धाडलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की कागद वेबसाईटवर आहे. स्मरणपत्र क्रमांक दोन! त्यात ‘विद्यार्थिनीचे शैक्षणिक नुकसान होत असून’ हे वाक्य टाकायला लावलं. या वाक्यासमोर आजवर कोणतंही कार्यालय टिकलेलं नाही. स्कॉटलंडही टिकलं नाही. पाचव्या दिवशी पत्र आलं. पोरीचं नाव, अभ्यासक्रम, कोणत्या तारखेपासून शिकते, पूर्णवेळ शिकते, फी केव्हा केव्हा जमा झाली, सगळं ओळीनं. खाली सही आणि सहीशेजारी गोल शिक्का! सोबत तिथल्या बाईंनी रेवाला वेगळं लिहिलं होतं की इतका नम्र आणि इतका चिवट अर्ज त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

ते पत्र मी त्या दिवशी चारदा वाचलं. संध्याकाळी गजाननाला वाचून दाखवलं. आणि इथंच, बरं का, इथंच माझ्या डोक्यात हवा गेली.

“आता उत्पन्न,” मी म्हणालो.

रेवानं आणखी एक कागद काढला. विद्यापीठात जाण्यापूर्वी, त्याच वर्षी आठ महिने तिनं अमेरिकेत बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली होती. त्या पगाराचा आणि पगारातून कापलेल्या कराचा तो कागद. आकडा पाहिला आणि मी कागद झटकन पालथा घातला.

“हे कोनाले दाखवलं तं नाही ना?”

“नाही. काहून?”

“अवं पोरी, एवढं उत्पन्न पाहून कोनतं सरकार सवलत देईन? हे नोकरी आता हाये का तुले?”

“नाही. शिकाले गेली तवाच सोडली.”

“मंग उत्पन्न शून्य! विषय संपला.”

“पन आबा, कर तं मागच्या वर्षाचा हाये…”

“बत्तीस वर्षं मी काय गोट्या खेळत होतो का?”

बिचारीनं मान डोलावली. आजवर तिचं विवरणपत्र तिचा बाप भरायचा, तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यातून स्कॉटलंडचा चमत्कार डोळ्यांसमोर ताजा! तरी हळूच म्हणालीच, “अमेरिकेत असं चालते का पन?” मी म्हटलं, सरकार इथून तिथून सारखंच. आणि तो पगाराचा कागद उचलून बायकोच्या हाती दिला.

“सुमन, हा असा ठेव का मलेही सापडू नाही.”

सुमननं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला हवा होता. नाही कळला.

राहिला उत्पन्नाचा दाखला. सरकारी दाखल्यासाठी आधार कार्ड लागतं, ते अमेरिकन पोरीकडं कुठून असणार? पण म्हणून मी अडतो का? मी स्वतःच लिहून काढला, पंचांच्या सह्यांनिशी. मजकूर अजून तोंडपाठ आहे, ऐका. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच लिहून देतो की, कुमारी रेवा ही होतकरू विद्यार्थिनी असून तिच्या नावे शेतजमीन नाही, दुभते जनावर नाही, कोणताही जोडधंदा नाही. तिचे वार्षिक उत्पन्न शून्य आहे. अमेरिकन सरकारने तिला सवलत दिल्यास आमची काही हरकत नाही.’

पहिला पंच गजानन. दुसरा पिठाच्या गिरणीवाला. दोघांनीही ऐटीत सह्या केल्या. खाली मी इंग्रजी भाषांतर जोडलं. अमेरिकेच्या तिजोरीला मेडशीची मंजुरी मिळाली!

आता गजाननानं सही केली म्हणजे पुढं काय झालं असेल, सांगायला नको. विवरणपत्र भरून देणाऱ्या कोणी कॅरोलबाई होत्या, त्यांचा नंबर सुनीतानं पोरीला दिला होता. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. दिवेलागणीला मी अंगणात आलो तर वीस-पंचवीस माणसं सतरंज्या टाकून बसलेली!

“हे काय रे गजानन?”

“आबा, तुमी अमेरिकेच्या सरकारकडून पैसे आनून राह्यले म्हटल्यावर लोक येनारच ना! हे दोघं तं पोराईचे अर्जही घेऊन आले.”

त्यातल्या एकाचं पोरगं जवळच्या शिरपूरच्या शाळेत आठवीत होतं.

परत पाठवावं तर कसं? आणि खरं सांगू का? परत पाठवायची माझीही इच्छा नव्हती. बत्तीस वर्षं टेबलामागं काढली हो, आपलं काम पाहायला असं कधी कोणी जमलं नव्हतं. मी इस्त्रीचा सदरा घालून आलो.

फोन तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडं कॅरोलबाई दिसल्या. साठीच्या, पिकल्या केसांच्या, नाकावर चष्मा. त्यांनी गर्दी पाहून विचारलं, ही सगळी घरची माणसं का? रेवा म्हणाली, हो.

मी फाइल उघडली. विद्यापीठ यादीत असल्याचा कागद दाखवला. बाई म्हणाल्या, उत्तम. रेवानं मराठीत सांगितलं, अंगणात टाळ्या! बोनाफाईड दाखवलं. बाईंनी चष्मा पुढं ओढून शिक्का पाहिला. फारच उत्तम! टाळ्या! फीच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकीवर क्रमांक टाकून. बाई म्हणाल्या, फॉर्म आलेला नसला तर पोरांकडून एवढा पुरावा गोळा करताना माझा जीव मेटाकुटीला येतो, हे कोणी केलं? रेवानं माझ्याकडं बोट दाखवलं. गजाननानं शिट्टी मारली. वयाच्या साठीत शिट्टी!

मग त्यांनी विचारलं, उत्पन्न?

मी उभा राहिलो. घसा साफ केला. हे उत्तर मला माझ्या इंग्रजीत स्वतः द्यायचं होतं.

“इन्कम, मॅडम, झीरो! टोटल झीरो! पंच प्रेझेंट!”

दोन्ही पंच उभे राहून नमस्कार करते झाले.

कॅरोलबाईंनी चष्मा सारखा केला. मग हळूहळू काहीतरी बोलल्या. मला दोन-तीनच शब्द कळले, पण रेवाचं तोंड उतरलेलं दिसलं.

“काय म्हनते?”

“आबा… त्या म्हनतात, उत्पन्न शून्य तं कर शून्य. अन् कर शून्य तं वजा कशातून करू? माह्या अभ्यासक्रमाले जे सवलत हाये ना, तिच्यात सरकार हातात पैसे ठेवत नाही. कर भरला असन तं त्यातूनच कमी करते. उत्पन्नच नसन तं काही भेटत नाही.”

“काहीच?”

“काहीच.”

अंगणात टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आले.

मंडळी, माझी काय अवस्था झाली असेल? आपल्याकडं ज्याच्याजवळ काही नाही त्याला सवलत. इथं ज्यानं कर भरलाय त्यालाच त्यातून परत! बत्तीस वर्षांची विद्या उलटी टांगली गेली. पोरीला मी कागदोपत्री इतकी गरीब करून ठेवली होती की तिला मदत करायची सोयच उरली नव्हती! आणि तिची सोंगणी? तिचा प्रबंध? पोरगी माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही हो, रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

गजाननानं धीर दिला. “आबा, अजून एक शून्य वाढवून पाहा ना!”

तेवढ्यात कॅरोलबाईंनी पुन्हा काही विचारलं. रेवा माझ्याकडं वळली. “त्या इचारतात, मागच्या साली खरंच काही कमावलं नाही का? आबा, मी खरं सांगून राह्यली आता.” आणि तिनं नोकरीचं सांगून टाकलं. बाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, बरं झालं बोललीस. त्या पगाराच्या कागदाची एक प्रत कंपनी सरकारलाही पाठवते. शून्य लिहून धाडलं असतं तर सरकारनंच उलट पत्र पाठवलं असतं. तो कागद कुठं आहे?

सरकारकडं प्रत आहे! म्हणजे मी जे लपवलं होतं ते फक्त माझ्यापासूनच लपलेलं होतं!

“सुमन! तो कागद आन!”

बायको दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. “तुमीच म्हनले ना, तुमाले सापडू नाही असा ठेव?”

“आता सापडू दे ना वं!”

“म्या तुमचा हात आजलोक जिथं लागला नाही तिथं ठेवला,” असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळपाटाखालून कागद घेऊन आली.

अंगण जे हसलं म्हणता! बायका तर पदर तोंडात कोंबून लोटपोट. पण मला त्या घडीला लाजायलाही फुरसत नव्हती. पिठाचे ठसे झटकले आणि कागद फोनच्या तोंडाला लावला.

“इन्कम, मॅडम! फुल इन्कम!”

मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी रेवाकडं वळलो. “पोरी, अजून काही कमावलं असन तं तेही सांग! बँकेचं व्याज? दाखव! कोनाचे लेकरं सांभाळले? दाखव! लपवू नको काही!” जन्मभर ज्या माणसानं उत्पन्न कमी कमी म्हणून जप केला, तो भर अंगणात उत्पन्नासाठी पदर पसरत होता.

कॅरोलबाईंनी आकडेमोड केली. पगारातून कर तर आधीच कापला गेला होता. त्यातून सवलत वजा केली आणि परत मिळायची रक्कम सांगितली. रेवानं तोंडावर हात ठेवला. आकडा मी सांगणार नाही, नजर लागते. पण दसऱ्यापर्यंत राहणं, खाणं, परतीचं विमान, सगळं त्यात बसत होतं. पोरगी उठली आणि सगळ्या गावासमोर माझ्या गळ्यातच पडली.

“आबा, झालं! सोंगणी पाहाले भेटते मले!”

डोळ्यात पाणी आलं माझ्या. का नाही येणार? बत्तीस वर्षं पोरांचे अर्ज पुढं धाडले, त्यांचे पैसे आले की नाही हे आम्हाला कोण सांगायला येतं? इथं पोरगी माझ्या गळ्यात पडून हसत होती.

फोन ठेवण्याआधी कॅरोलबाईंनी विचारलं, फाइलीत शेवटचा तो हातानं लिहिलेला कागद कशाचा? रेवानं पंचांचा दाखला वाचून दाखवला. दुभत्या जनावरापाशी बाईंनी चष्मा काढला. ‘आमची काही हरकत नाही’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि डोळे पुसत पुसत फोन ठेवला.

“म्हंजे आबा,” गजानन विचारात पडला होता, “उत्पन्न दाखवल्यावर पैसे भेटतात? मंग इतके वर्षं आमाले काहून…”

“गजानन, तू अमेरिकन हायेस का?”

“नाही.”

“मंग बस खाली.”

श्रावणात पैसे जमा झाले. रेवा ते सांगायला गजाननाच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पळत आली, दोनदा चिखलात पडली. पुढं सोयाबीन शेंगांवर आलं, पिवळं पडलं, आणि दसऱ्याच्या तोंडावर सोंगणी झाली. पोरीनं स्वतः विळा हातात घेतला. पिकाच्या ओळीला आम्ही तास म्हणतो; बायकांची चार तासं सोंगून व्हायची तेव्हा हिचं एक व्हायचं, पण सोडलं नाही. बोटांना पट्ट्या बांधून वहीत लिहायची. जायच्या दिवशी सुमनच्या गळ्यात पडून अशी रडली की एसटीवाल्यानं गाडी पाच मिनिटं थांबवली.

इथवरचा किस्सा मी अख्ख्या तालुक्याला छाती पुढं काढून सांगत फिरलो. चूक झाली, कबूल. पण जिंकलो की नाही?

तर आता परवा स्कॉटलंडहून पार्सल आलं. प्रबंध! जाडजूड, बांधणी केलेला, वर सोनेरी अक्षरं. मी हात धुऊन उघडला. सोयाबीन, पाऊस, खत, तक्ते, सगळं ठीक. आणि मग एक प्रकरण लागलं, गावात सल्ला कोणाचा ऐकला जातो आणि का. इंग्रजी मला वाचता येतं, पण पहिला परिच्छेद मी तीनदा वाचला. तुम्हाला मराठीत सांगतो.

‘माहितीदार क्रमांक एक हे गावातले सर्वांत विश्वासू सल्लागार आहेत. सल्ला देताना त्यांना शंका येत नाही. सल्ला चुकल्यावरही त्यांचा आवाज खाली येत नाही. त्यामुळे तो चुकला आहे हे गावाला बऱ्याच उशिरा कळते.’

पुढं अकरा पानं! शून्य उत्पन्न, पंच, पोळपाट, काही म्हणून सुटलं नव्हतं. पोळपाटाला तर तळटीप होती, म्हणजे पोळी कशी लाटतात ते परदेशी वाचकाला समजावून.

मी तडक फोन लावला. “पोरी, हे काय?”

“आबा, सोंगणीले महिना बाकी होता. पीक उभं, मोजाले काही नाही. मंग म्या लोकायले इचारलं, सल्ला कोनाचा ऐकता? सगळ्यायनं तुमचंच नाव सांगतलं. परीक्षकानं पूर्ण प्रबंधात याच प्रकरणाले सगळ्यात चांगलं म्हटलं!”

आलं का लक्षात? अमेरिकेच्या सरकारकडून पैसे आणले मी. त्या पैशांवर पोरगी महिनाभर जास्त राहिली. आणि त्या महिन्यात बसून तिनं माझीच फजिती लिहून काढली!

राग यायला पाहिजे होता. आला नाही हो. परीक्षकाला आवडलं म्हटल्यावर उलट मूठभर मांस चढलं. एकच गोष्ट खटकली.

“मंग माहं नाव काहून नाही टाकलं? नुसता क्रमांक एक?”

“नियम हाये आबा. कोनाचंच नाव टाकता येत नाही.”

बरं, नियम तर नियम. पण हे गजाननाच्या कानावर गेलं ना! दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर जातो तर हा चार माणसांत सांगतोय, “स्कॉटलंडच्या पुस्तकात पयला नंबर माहा हाये! अकरा पानं!” शेत त्याचं, पहिला पंच तो, म्हणून माहितीदार क्रमांक एकही तोच म्हणे! आणि लोक त्याच्या हातात हात देत होते!

माझं डोकंच फिरलं. घरी गेलो, फाइल काखेत मारली आणि परत आलो.

“गजानन, हा दाखला पाह्य. शून्य कोनी लिहिलं? अक्षर कोनाचं हाये?”

“तुमचं.”

“पगाराचा कागद लपवाले कोनी लावला?”

“तुमी.”

“फोनसमोर उभं राहून झीरो झीरो कोन वरडलं?”

“तुमीच.”

“तू काय केलं? नुसती सही! मंग या गावातला एक नंबरचा येडा कोन? चार मानसांसमोर सांग!”

गजाननानं माझ्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, आणि मान खाली घातली.

“तुमीच, आबा.”

जिंकलो! त्या आनंदात मी थांब्यावरच्या सगळ्यांना माझ्याकडून गरमागरम भजी खाऊ घातली.